दिलेल्या माहितीची पावती

पेरणी झाली, कीं शेतकऱ्यास आपल्या शेताविषयीं सांगावें लागतें. पूर्वीं तें चावडीवर तलाठ्यापुढें सांगावें लागे. आतां तें मोबाइलवर सांगावें लागतें. नांव, गट नंबर, क्षेत्र, पीक, विहीर, कर्ज, बँकेचें खातें, आधार क्रमांक, हातांतील फोनचा नंबर, आणि अलीकडे बांधावर उभें राहून काढलेलें पिकाचें छायाचित्र, एवढी सामग्री एकेका खातेदाराकडून सरकारजमा होते. शेतसारा भरला, तर पावती मिळते. सोसायटींत हप्ता भरला, तर पासबुकांत नोंद होते. बाजार समितींत माल घातला, तर हिशेबपट्टी मिळते. परंतु माहिती दिली, तर तिची पावती कोण देतो? ती पुढें कोणाच्या हातीं गेली, तिचा उपयोग कशाकडे झाला, ती चुकली असल्यास कोठें दुरुस्त करून घ्यावी, याचा हिशेब शेतकऱ्यास कोणाकडून मिळतो? या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. शेतकऱ्यानें माहिती देण्याचें नाकारूं नये. परंतु तिची पावती, तिचा वार्षिक हिशेब आणि तिचें पासबुक मागितल्यावांचूनहि राहूं नये. ही मागणी अगदींच नवी नाहीं. सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं याच महाराष्ट्रांत कर्जाच्या कागदांविषयीं ती पुढें आली होती, व कायद्यानें ती मान्यहि केली होती. तो इतिहास ओघानें येईलच. तत्पूर्वीं आज कोणती माहिती गोळा होते व ती कोठें जाते, तें पाहूं.

माहिती कोणती व ती कोठें जाते

गांव नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्कांची नोंद, व गांव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. या दोहोंचा मिळून सातबारा झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. नमुना बारामधील पीक पूर्वीं तलाठी लिहीत. एकेका तलाठ्याकडे अनेक गांवें असल्यामुळें प्रत्येक बांधावर जाणें घडत नसे, आणि गेल्या सालचें पीक यंदाच्या रकान्यांत उतरलें जाई, ही तक्रार जुनीच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि हें काम शेतकऱ्याच्या हातीं आलें. शेतकरी शेतांत उभा राहून मोबाइलवर पिकाचें छायाचित्र काढतो. त्या छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशहि नोंदले जातात. पुढें डिजिटल पीक सर्वेक्षणाची नवी पद्धत आली, तेव्हां शेताच्या ५० मीटरच्या आंतूनच छायाचित्र काढणें आवश्यक करण्यांत आलें.

दुसरीकडे केंद्रीय मंत्रिमंडळानें २ सप्टेंबर २०२४ रोजीं २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषि मिशनला मंजुरी दिली. त्यांत ॲग्रिस्टॅक नांवाचा जो भाग आहे, त्याच्या तीन मोठ्या वह्या आहेत असें समजावें. पहिली वही शेतकऱ्यांची. तींत प्रत्येक शेतकऱ्यास एक ओळख क्रमांक मिळतो, व तो त्याच्या आधाराशीं आणि जमिनीच्या नोंदींशीं जोडलेला असतो. दुसरी वही गांवच्या नकाशांची. प्रत्येक गट पृथ्वीच्या पाठीवर नेमका कोठें आहे, हें तींत बसविलेलें असतें. तिसरी वही पेरलेल्या पिकांची. देशांतील ११ कोटी शेतकऱ्यांस असे क्रमांक देण्याचें उद्दिष्ट सरकारनें ठेविलें. आणि महाराष्ट्रांत १५ एप्रिल २०२५ पासून कृषि विभागाच्या योजनांचा लाभ घेण्याकरितां हा क्रमांक आवश्यक ठरविण्यांत आला.

या तीन वह्या कागदाच्या असत्या, तर तीन कपाटांत राहिल्या असत्या, व एकींतील ओळ दुसरींत शोधण्यास कारकुनाचा अर्धा दिवस गेला असता. संगणकांत त्या एकाच क्रमांकाच्या दोऱ्यानें शिवलेल्या असतात. क्रमांक घातला, कीं तिन्ही वह्यांचीं पानें एकदम उघडतात. या जोडणींत सोय आहे, आणि धोकाहि या जोडणींतच आहे.

सोय खरी आहे

सोयीला सोय म्हणण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. गारपिटीनें द्राक्षबाग झोडपली, म्हणजे नुकसानभरपाईसाठीं प्रथम प्रश्न येतो तो हा, कीं त्या गटांत द्राक्ष होतें काय? नोंद बरोबर असेल, तर पंचनाम्याचा वाद निम्मा मिटतो. पीक कर्जासाठीं सातबारा, आठ-अ व फेरफाराच्या नकला घेऊन चार कचेऱ्या फिरण्याऐवजीं बँकेस त्या नोंदी परस्पर दिसल्या, तर शेतकऱ्याचे दोन दिवस वांचतात. अमुक जिल्ह्यांत कांदा किती लागला, हें वेळेवर कळलें, तर आयात-निर्यातीचा निर्णय अंदाजपंचे घेण्याचें कारण उरत नाहीं. हीं कामें माहितीवांचून होणारीं नाहींत. म्हणून ज्यांना वाटतें कीं सरकारला कांहींच सांगूं नये, त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं.

धोका कोठें आहे

आतां दुसरी बाजू पाहूं. एकेकटी माहिती सहसा निरुपद्रवी असते. ती एकत्र आली म्हणजे तिला बळ येतें. एक कल्पित उदाहरण घेऊं. अमुक गटांत कांदा आहे, हें शेजाऱ्यास दिसतेंच. त्या खातेदारानें कर्ज काढलें आहे, हें सातबाराच्या इतर हक्कांत कोणासहि वाचतां येतें. हप्त्याची तारीख व खात्यांतील शिल्लक बँकेस ठाऊक आहे. त्याचा फोन नंबर खताच्या दुकानदारास ठाऊक आहे. घरांत लग्न निघालें आहे, हें किराणा दुकानाच्या उधारीवरून कळतें. हें ज्ञान पांच ठिकाणीं विखुरलेलें असतें, तोंवर शेतकऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तें सारें एकाच खरेदीदाराच्या मेजावर आलें, तर कोणत्या शेतकऱ्यास कोणत्या आठवड्यांत माल विकल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें त्याला बाजार भरण्यापूर्वींच समजेल. मग भाव ठरवितांना एका पक्षाचे पत्ते उघडे व दुसऱ्याचे झांकलेले, अशी स्थिति होईल.

ही भीति हवेंतील नाहीं. २०२१ सालीं केंद्राच्या कृषि मंत्रालयानें मायक्रोसॉफ्ट कंपनीशीं सहा राज्यांतील १०० गांवांच्या प्रयोगाकरितां करार केला, त्या वेळीं ५५ संघटनांनीं सरकारला पत्र लिहून हरकत घेतली. शेतकऱ्यांची माहिती कोणत्या अटींवर खासगी कंपनीपुढें ठेवावी, हें ठरविणारा कायदाच देशांत नसतां असें पाऊल कां उचलावें, अशी त्यांची शंका होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता; परंतु शंका महाराष्ट्रालाहि लागू पडते.

देखरेख आणि पाळत

हा विषय शहरचा आहे, आपण शेतकरी, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यांनीं मुंबईच्या उत्तरेस भाईंदरकडे पाहावें. भाईंदर पूर्वेस, नवघर-गोडदेव या जुन्या गांवांच्या आसपास, इंद्रलोक नांवाची दाट वसाहत आहे. एके काळीं या टापूंत भातखाचरें व मिठागरें होतीं. १९८५ सालीं मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजीं तिची महानगरपालिका झाली, आणि खाचरांच्या जागीं मजल्यांवर मजले चढले. पुराणांत इंद्रास सहस्राक्ष म्हटलें आहे. त्याच्या नांवाच्या या वसाहतींत डोळ्यांची उणीव नाहीं. मुंबईच्या इतर कोणत्याहि उपनगराप्रमाणें येथें इमारतीच्या फाटकावर, दुकानांत व रस्त्याच्या चौकांत कॅमेरे आहेत. पाहुणा आला, तर पहारेकरी त्याचें नांव, नंबर व येण्याची वेळ लिहून घेतो, आणि पुष्कळ ठिकाणीं तें वहींत न लिहितां फोनमधील ॲपमध्यें भरतो.

अशा वसाहतींत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची शेती गांवीं असते. कोणाची कोंकणांत, कोणाची घाटावर. सातबारावर नांव असलेला असा खातेदार पीक नोंदविण्याकरितां गाडी पकडून गांवीं जातो, ५० मीटरच्या आंत उभा राहून छायाचित्र काढतो, आणि परत इंद्रलोकांतील फाटकांतून घरीं येतो. शहरांत त्याच्या येण्याजाण्याची नोंद होते व गांवीं त्याच्या उत्पन्नाची. दोन्ही ठिकाणीं फोन तोच आणि आधारहि तोच. शहरचा व खेड्याचा म्हणून हा प्रश्न वेगळा करतां येत नाहीं, तो याकरितां.

येथें दोन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. ज्या कामाकरितां माहिती घेतली, त्या कामापुरतीच ती पाहणें, ही देखरेख होय. काम संपल्यावरहि ती जपून ठेवणें, दुसऱ्या कामास लावणें, व ज्याची ती आहे त्याला न कळूं देणें, ही पाळत होय. चोरी झाली असतां फाटकावरील चित्र तपासणें ही देखरेख झाली. कोण कोणाच्या घरीं किती वेळां जातो, याची टिपणें ठेवणें ही पाळत झाली. पिकाचें छायाचित्र विमा देण्यास वापरणें ही देखरेख. तेंच पुढें कर्जवसुलीस वा अन्य चौकशीस न सांगतां वापरणें ही पाळत. यंत्र दोन्हींत एकच असतें. भेद पडतो तो नियमामुळें, आणि नियम पाळला जात आहे कीं नाहीं हें पाहणाऱ्या माणसामुळें.

सरकारच्या हातीं पाळतीचे अधिकार आहेत, हेंहि वाचकांनीं जाणून असावें. बोलणें चोरून ऐकण्याची तरतूद १८८५ च्या तार कायद्यांत होती; तिची जागा आतां २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें घेतली आहे. २० डिसेंबर २०१८ रोजीं केंद्रीय गृह मंत्रालयानें एका आदेशान्वयें दहा यंत्रणांना संगणकांतील माहिती पाहण्याचा व अडविण्याचा अधिकार दिला. अशी परवानगी गृह सचिवांसारखे वरिष्ठ अधिकारी देतात व तिचें परीक्षण अधिकाऱ्यांचीच समिति करते; न्यायाधीशाची पूर्वसंमति त्यास लागत नाहीं. देशाच्या रक्षणाकरितां असे अधिकार असावेत, याविषयीं दुमत नसावें. परंतु अधिकार जितका मोठा, तितका त्याचा हिशेब कडक असावयास पाहिजे.

अनुभव काय सांगतो

गेल्या कांहीं वर्षांतील तीन गोष्टी पाहिल्या, म्हणजे हिशेब नसल्यामुळें काय होतें तें कळतें.

पहिली २०१७ च्या कर्जमाफीची. त्या वर्षींच्या जूनमध्यें ३४,०२२ कोटी रुपयांची छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली व दीड लाखापर्यंतचें कर्ज माफ होणार असें ठरलें. अर्ज ऑनलाइन भरावयाचे होते. बँकांच्या नोंदी व अर्जांतील नोंदी यांचा मेळ बसेना. याद्या अडल्या, आणि पात्र असलेले पुष्कळ शेतकरी वाट पाहत राहिले. माहिती पुष्कळ होती. ती चुकली कोठें, हें ज्याची ती होती त्याला दिसत नव्हतें.

दुसरी २०२२ ची. पी.एम. किसान योजनेच्या संकेतस्थळाच्या एका भागांतून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेरच्या माणसास पाहतां येत होते, असें त्या वर्षींच्या जूनमध्यें प्रसिद्ध झालें. एका संशोधकानें तो दोष सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेस कळविला होता व तो दुरुस्तहि झाला. परंतु ज्यांचे क्रमांक उघडे पडले होते, त्या प्रत्येकास तसें कळविलेंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती त्या वेळीं नव्हती.

तिसरी पीक विम्याची. २०२३ च्या खरिपापासून राज्यांत एक रुपयांत पीक विमा मिळूं लागला. पुढें असें उघडकीस आलें, कीं कित्येक ठिकाणीं परक्या माणसांनीं दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर व देवस्थानांच्या जमिनीवरहि विमा उतरविला होता. लाखों अर्ज बाद करावे लागले, आणि २०२५ मध्यें ती एक रुपयाची सवलत बंद झाली. चोरांनीं खोटे अर्ज केले व त्याचें प्रायश्चित्त प्रामाणिक शेतकऱ्यास वाढलेल्या हप्त्याच्या रूपानें घ्यावें लागलें. आपल्या गटावर कोणी अर्ज केला, त्याच क्षणीं खऱ्या खातेदाराच्या फोनवर दोन ओळींचा निरोप आला असता, तर ही लबाडी पहिल्याच दिवशीं पकडली गेली असती. त्या दोन ओळींच्या निरोपासच आम्ही पावती म्हणतों.

कागद जाळणारे शेतकरी

आतां पूर्वींचा इतिहास पाहूं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारगांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. हा उठाव पुढें पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. इतिहासांत तो दख्खनचे दंगे या नांवानें प्रसिद्ध आहे. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळास दिसून आलें, कीं जमावाचा रोख मुख्यतः एकाच वस्तूवर होता: कर्जरोखे व हुकूमनामे. ते हातीं पडले, कीं शेतकरी ते जाळीत. ते निमूटपणें हवालीं केले, तर सावकाराच्या अंगास सहसा धक्का लागत नसे.

त्या शेतकऱ्यांस कागदाचा एवढा राग कां यावा? कागद त्याच्याविषयीं होता, पण तो त्याला वाचतां येत नव्हता. त्यांत काय लिहिलें आहे तें सावकार सांगेल तें खरें. दिलेल्या पैशाची पावती नाहीं, बाकीचा हिशेब नाहीं, आणि एकदां अंगठा उठविल्यावर कागद कायमचा दुसऱ्याच्या पेटींत. कर्ज तर होतेंच. त्यावर कर्जाची माहितीहि एकाच पक्षाच्या ताब्यांत होती.

त्यावर उपाय म्हणून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना साह्य करणारा कायदा झाला व तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्या कायद्यांतील दोन तरतुदी आजहि शिकण्यासारख्या आहेत. एक, शेतकऱ्याचा रोखा गांवच्या निबंधकापुढें लिहिला गेला पाहिजे. दुसरी, शेतकऱ्यानें पैसे दिले असतां लेखी पावती मागण्याचा, वर्षांतून एकदां हिशेबाचा उतारा मागण्याचा, आणि पासबुकांत हिशेब लिहून घेण्याचा त्याला हक्क आहे. सावकारी त्या कायद्यानें संपली नाहीं, व त्यांतून पळवाटाहि निघाल्या. परंतु ज्याच्याविषयीं कागद आहे त्याला तो दिसला पाहिजे, हें तत्त्व तेव्हांपासून कायद्यांत आलें.

आजचा कागद सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांत असतो. तो जाळतां येत नाहीं, व जाळूंहि नये. त्यांत आपलेंच हित लिहिलें आहे. परंतु त्या कागदाविषयीं पावती, उतारा व पासबुक हे तिन्ही हक्क मागणें १८७९ इतकेंच आज न्याय्य आहे.

आजचा कायदा

१९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें उत्तर प्रदेशांतील खरकसिंग याचा दावा आला होता. दरोड्याच्या आरोपांतून तो पुराव्याअभावीं सुटला होता. तरी पोलीस त्याच्यावर पाळत ठेवीत व रात्रीं-अपरात्रीं दार ठोठावीत. न्यायालयानें रात्रीच्या त्या फेऱ्या बेकायदा ठरविल्या, परंतु खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असें बहुमतानें म्हटलें. पंचावन्न वर्षांनीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या दाव्यांत नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें तो दंडक बदलला. खासगीपणा हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. सरकारला त्यांत हात घालावयाचा असेल, तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतु योग्य हवा, आणि उपाय त्या हेतूच्या मानानें बेताचा हवा, असें न्यायालयानें सांगितलें. पुढें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं आधाराचा निकाल लागला. सरकारी अनुदानाकरितां आधार मागणें वैध ठरलें. खासगी कंपन्यांना आधार मागण्याची जी मुभा होती ती रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीनें स्वेच्छेनें आधार देण्याची वाट पुन्हां मोकळी झाली, पण त्यांतील 'स्वेच्छेनें' हा शब्द शेतकऱ्यानें विसरूं नये.

२०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला व नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियम प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी अमलांत येण्यास त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेविलेली आहे. आपली कोणती माहिती कोणापाशीं आहे हें विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, तक्रार करण्याचा, आणि आपल्या पश्चात् हे हक्क चालविण्याकरितां माणूस नेमण्याचा अधिकार या कायद्यानें दिला आहे. माहिती फुटली, तर ज्याची ती आहे त्याला कळविणें बंधनकारक केलें आहे, व माहितीच्या रक्षणांत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे.

परंतु याच कायद्यांत सरकारपुरती सूट मोठी आहे. अनुदान वा लाभ देण्याकरितां सरकारजवळ आधींच असलेली माहिती नव्यानें संमति न घेतां वापरतां येते; आणि देशाची सुरक्षितता वा सार्वजनिक सुव्यवस्था या कारणास्तव केंद्र सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेस या कायद्यांतून सर्वस्वीं वगळूं शकतें. शेतकऱ्याची बहुतेक माहिती अनुदानाच्या निमित्तानेंच गोळा होते. म्हणजे ज्या दारानें आपली माहिती आंत जाते, त्याच दारावरील पहारा सैल आहे. यासाठींच कायद्याच्या नांवावर निश्चिंत राहून भागणार नाहीं.

उघडें काय असावें, झांकलेलें काय असावें

खासगीपणाचें नांव घेऊन सर्वच झांकावें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. सातबारा लोकांस पाहतां येतो हें योग्यच आहे. जमीन घेणाऱ्यास मालक कोण व बोजा किती हें कळलें नाहीं, तर फसवणूक वाढेल. अनुदानाची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नांवें पैसे उचलणारा सांपडतो. त्या यादींत नांव व रक्कम असावी. आधार क्रमांक, बँक खातें व फोन नंबर असूं नयेत.

या ठिकाणीं एका गोष्टीची काळजी वाटते. २०२३ च्या कायद्यानें माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यांतहि बदल केला. पूर्वीं वैयक्तिक माहिती नाकारतांना ती लोकहिताची आहे काय हें त्याच कलमांत पाहावें लागे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कलमांत नुसती 'वैयक्तिक माहिती' एवढेंच कारण उरलें आहे. लोकहित पाहण्याची वेगळी तरतूद त्या कायद्यांत आहे खरी, तरी नकार देणाऱ्या अधिकाऱ्यास आतां सोपें झालें आहे. सरकार शेतकऱ्याकडे पाहूं शकतें, आणि शेतकऱ्यास सरकारकडे पाहण्याची खिडकी मात्र लहान होते, हें उलटें झालें. खासगीपणाची ढाल दुर्बळाच्या हातीं असावी लागते.

शेतकऱ्यानें काय करावें

कायदा सुधारण्यास काळ लागतो. तोंवर पुढील गोष्टी प्रत्येकास आपल्या हातानें करतां येण्यासारख्या आहेत.

१. आधारची प्रत द्यावयाची झाल्यास शक्य तेथें शेवटचे चारच आंकडे दिसणारी प्रत द्यावी, किंवा आधारऐवजीं १६ अंकी आभासी क्रमांक द्यावा. दोन्ही आधारच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. प्रत कोणत्या कामाकरितां दिली, हें तिच्यावर तारखेसह लिहावें.

२. बोटांच्या ठशांचें कुलूप लावण्याची सोय आधारमध्यें आहे. ठसा देण्याचें काम नसेल तेव्हां तें लावून ठेवावें.

३. अर्ज भरतांना फोन नंबर आपला किंवा घरच्या माणसाचाच द्यावा. सेवा केंद्राच्या चालकाचा नंबर घातला, तर आपले सर्व निरोप त्याच्याकडे जातात. फोनवर आलेला गुप्त आंकडा कोणासहि सांगूं नये. मागणारा बँकेचें नांव सांगो वा तहसील कचेरीचें.

४. पीक नोंदविल्यावर काम संपलें असें समजूं नये. ठरलेल्या मुदतींत ती नोंद पुन्हां उघडून पाहावी, व चूक असल्यास लगेच दुरुस्त करावी. वर्षांतून दोनदां, खरीप व रब्बीनंतर, सातबारा व आठ-अ काढून कुटुंबांत वाचावा. घरांतील वृद्धास व स्त्रियांस तो वाचून दाखवावा.

५. आपल्या सहकारी संस्थांनीं आधीं आपलें घर नीट करावें. सभासदांचीं कर्जें, नंबर व पिकें यांच्या याद्या सोसायटीच्या कचेरींत असतात. त्या खत, बियाणें वा विमा विकणाऱ्यास देण्यापूर्वीं सभासदाची लेखी संमति घेतली होती काय, हा प्रश्न वार्षिक सभेंत विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

या पांचांनंतर उरते ती सरकारकडे करावयाची मागणी. ती अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. कारण तिचा नमुना सरकारपाशींच आहे. आपल्या आधाराची पडताळणी गेल्या सहा महिन्यांत कधीं झाली, याची यादी आधारच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येते. हें पासबुकच नव्हे काय? शेतकरी ओळख क्रमांकास असेंच पासबुक जोडावें. माझी नोंद कोणत्या कचेरीनें, कोणत्या बँकेनें वा कंपनीनें, कोणत्या तारखेस, कोणत्या कामाकरितां उघडली, हें त्यांत मराठींत लिहिलेलें असावें. माझ्या गटावर कोणीं अर्ज केला, तर त्याच दिवशीं मला निरोप यावा. वर्षाच्या अखेरीस ज्यांच्याजवळ फोन नाहीं अशांकरितां तो उतारा ग्रामपंचायतींत छापील मिळावा. आणि ज्या कामाकरितां माहिती घेतली तें संपल्यावर ती किती दिवस ठेविली जाईल, हें अर्जावरच छापावें.

या चार ओळींचा ठराव ग्रामसभेस व सोसायटीच्या सभेस सहज करतां येईल. ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे व कृषि आयुक्तांकडे पाठवावा, आणि त्याची पोंच घेऊन दप्तरीं ठेवावी. पोंच घेण्याची संवय शेतकऱ्यास बाजारानें लावली आहे. तीच आतां माहितीच्या व्यवहारांतहि लावून घ्यावयाची आहे.